स्टुलाचा आजार

प्रकाशवैद्याच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती आणि जो तो दुसऱ्याला आपले दोन फोटो दाखवत होता. पहिल्यात अंगभर लाल-निळे ठिपके, दुसऱ्यात अंग लख्ख. "सात बैठकांत सगळे रोगकण गेले बघा," एक मावशी सांगत होत्या.

धाकटी आली होती ती थोरल्या बहिणीमागे. ताईने क्षयाच्या गोळ्या तिसऱ्याच महिन्यात बंद केल्या होत्या. आज अकरावा दिवस. "फोटोत छाती स्वच्छ आली, मग गोळ्या कशाला?" ताईच्या या एका वाक्यापुढे धाकटीने रोज डोकं आपटून घेतलं होतं. ती प्रयोगशाळेत रोगट पानांचे फोटो काढायची, फोटोंवर उमटणारे असले ठिपके तिने ढिगाने पाहिले होते. पण ताईचं म्हणणं, "तुला पानांतलं कळतं, माणसांतलं नाही."

आत प्रकाशवैद्य स्टुलासमोर कॅमेरा लावून बसला होता. "डोळ्याला दिसत नाही ते माझ्या यंत्राला दिसतं. पहिल्या दिवशी देह अंधारलेला, म्हणून खोली अंधारी. रोग गेला की पडदा उघडायचा."

"या रिकाम्या स्टुलाचा फोटो काढू?" धाकटीने विचारलं.

"स्टुलात प्राण नाही, बाई. रोग कुठून येणार?"

"मग ठिपकेही येणार नाहीत. काढून तर बघू."

"काढू दे की," दारातून मावशी म्हणाल्या. रांग पाहत होती. त्याला नाही म्हणवेना.

धाकटीने पडदा ओढला, नव्या रोग्यांना पांघरायची काळी शाल स्टुलावर टाकली. कॅमेऱ्यावर कोपऱ्यात शंभरचा आकडा होता. तो तिने पंचवीस हजारांच्या वर नेला आणि बटण दाबलं. स्टूल लाल-निळ्या ठिपक्यांनी भरून गेलं.

"बघा," मावशी हळहळल्या, "आधीच्या पेशंटचे चिकटलेत त्याला."

धाकटीने डोळे मिटून एक श्वास घेतला. मग पडदा उघडला, शाल काढली, आकडा पुन्हा शंभरवर आणला. दुसऱ्या फोटोत स्टूल लख्ख.

"एका मिनिटात बरं झालं, मावशी. बैठक नाही, काही नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. वैद्य म्हणाला, "यंत्राला परका हात लागला की असं होतं."

"तुम्ही लावा हात. आकडा मी सांगते." तो उठला नाही.

ती रांगेकडे वळली. "अंधारात प्रकाश पुरत नाही, म्हणून हा आकडा चढवून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवतात. रेडिओचा आवाज चढवला की खरखरही चढते ना? हे ठिपके म्हणजे ती खरखर. ती यंत्रातली आहे, तुमच्या अंगातली नाही. कुणी असा पुरावा दाखवला, तर तोच प्रयोग आधी निर्जीव वस्तूवर करायला सांगा."

रांगेतले चार-पाच जण जिना उतरले. बाकीचे जागचे हलले नाहीत. मावशी तर आणखी एक पाऊल पुढे सरकल्या.

ताई मात्र स्टुलाच्या दोन्ही फोटोंकडे पाहत होती. "मग माझी छाती?"

"ती याला दिसतच नाही, ताई. ती एक्स-रेत दिसते, जंतू थुंकीच्या तपासणीत दिसतात."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू निगरगट्ट होतात. अकरा दिवस चुकले, हे खरं सांगितलं तरच पुढचं काही करता येईल."

ताई पदराआड खोकली. ठिपके गेले, तरी हा खोकला गेला नव्हता. इतके दिवस तिने तो हिशेबात धरलाच नव्हता.

"चल," ती म्हणाली, "दवाखाना बंद व्हायच्या आत."