उत्तरेच्या खिडकीवरची चादर

मी एक चादर. जन्मले ती बिछान्यासाठी, पण इराणमधल्या झाबोल शहराजवळच्या या गावात खिडकीवर टांगली गेले. हामून सरोवर आटलं, आणि उन्हाळ्यातला एकशेवीस दिवसांचा वारा त्याचा कोरडा तळ उचलून घराघरांत ओतू लागला. गुलअंदाम रोज सकाळी मला पाण्यात भिजवून आपल्या खोलीच्या खिडकीवर टांगायची. दुपारपर्यंत माझा चिखल व्हायचा. माझ्यातूनही किती धूळ आत जाते, ते मलाच ठाऊक. म्हणून माझा स्वतःवरही भरवसा नाही.

गुलअंदाम खोकू लागली तसे तिच्या सासूचे, बीबी माहरुखचे, डोळे बारीक झाले.

"हा खोकला माहेरचा आहे," ती मुलाला, ईसाला, म्हणाली. "क्षय आहे हिला. लपवून लग्न लावलंन् बापानं."

डॉक्टरने छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय नव्हता. धुळीने जडलेला दमा होता. ओढायला निळा पंप दिला, खोली बदला म्हणाला.

"डॉक्टरचं काय जातंय कागद काळा करायला!" बीबी म्हणाली. "आणि त्या पंपात नशा असते म्हणे."

खोली बदलली नाही. बीबीने दोन वर्षांच्या सनमला मात्र उचलून आपल्या मागच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या खोलीत नेलं. गुलअंदाम लेकीला उंबऱ्यावरून बघायची. ईसा मान खाली घालून बाहेर पडायचा. त्याचाही मला संशय यायचा. खरं ठाऊक असूनच गप्प बसायचा.

सनमला नेल्याच्या चाळिसाव्या दिवशी भरदुपारी अंधारून आलं. बीबी धावत आमच्या खोलीत आली. कडेवर सनम, ओठ निळसर, छातीतून शिट्टी वाजतेय.

गुलअंदामने कागदी पेल्याच्या बुडाला भोक पाडून पंप खुपसला आणि पेला लेकीच्या तोंडाशी धरला.

बीबीने तिचं मनगट धरलं. "काय पाजतेस पोरीला?"

"बीबी, चाळीस दिवस ती तुमच्याच कुशीत निजली. मग हा दमा तिला मी कसा दिला?"

बीबी माझ्याकडे बघत राहिली. माझ्यातून चिखल ठिबकत होता. तिने मनगट सोडलं.

गुलअंदामने पंप दाबला. थोड्या वेळाने शिट्टी मंदावली. ईसाने लेकीला दवाखान्यात नेलं. गाडीत मागे बसताना बीबीने सनमला गुलअंदामच्या मांडीवर दिलं. दुसऱ्या दिवशी तिने आपला बिछाना माझ्याखाली आणून टाकला आणि मायलेकींना मागच्या खोलीत धाडलं.

आता मी विरलेय. मला बीबीच भिजवते. काल तिला ढास लागली, तेव्हा दाराकडे चोरून बघत तिने माझ्यात तोंड खुपसलं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

गुलअंदामने ऐकलंच. "बीबी, उद्या दवाखान्यात जायचं."

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. माझ्या सोबतीला चला."

बाबांनो, खोकणाऱ्या माणसावर जरूर नजर ठेवा. पण आधी त्याची खिडकी बघा.