चाकाखालची वीट

मित्रांनो, मी चार चाकांचा एक जुना सागवानी पेटारा आहे. जुना म्हणा, कुरकुऱ्या म्हणा, मला राग नाही. पण 'पेटारा म्हणजे कोपऱ्यात पडून राहायची वस्तू' असं कुणी म्हटलं, की माझं डोकंच फिरतं. अहो, कोपऱ्यातच पडायचं असतं तर चाकं कशाला लावली असती?

कामशेतच्या अंबाजी सुतारानं मला घडवलं. तिथल्याच तांदळाच्या एका व्यापाऱ्यानं बजावून सांगितलं होतं, की चाकं हवीतच, दुकानाला आग लागली तर पेटारा ढकलत बाहेर काढता आला पाहिजे. काम संपल्यावर अंबाजीनं माझ्या झाकणावर हात फिरवला आणि म्हणाला, "लय पळशील बग तू." कसलं पळणं अन् कसलं काय! दुकानाला आग लागली नाही आणि मी जागचा हललो नाही. पोटात गोणपाटं घेऊन वर्षानुवर्षं एकाच भिंतीशी उभा. समोरून भाताच्या गाड्या जायच्या, स्टेशनात आगगाडी शिटी मारायची, आणि इकडे माझी चाकं नुसती शिवशिवायची.

शेवटी एकदाचं ते दुकान उठलं आणि मला कोंडाजीनं घेतलं. कोंडाजी कुरवंडे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण लोणावळ्याला रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होता. त्याचं नवं लग्न झालं होतं आणि बिऱ्हाड होतं भाड्याच्या दोन खोल्यांत. बैलगाडीतून मी दारात उतरलो, तेव्हा घरमालकीण कस्तुराबाई कोंडाजीच्या बायकोला, शालूला, दम देत होत्या, "भिंतीला एकही खिळा मारलेला चालायचा नाही हं!"

शालू मान डोलावून "व्हय" म्हणाली. कस्तुराबाईंची पाठ वळली तशी पदर खोचून माझ्याकडे आली आणि हसून म्हणाली, "भिंत त्यांची असंल, भिंतीम्होरली जागा आपली हाय."

काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा चाललो! उजवं पुढचं चाक असं किंचाळलं की शेजारीण धावत आली. मला काय त्याचं! त्यानंतर शालूनं मला आठ-पंधरा दिवसांच्या वर एका जागी टिकू दिलं नाही. पावसाळ्यात चुलीजवळ, म्हणजे माझ्या पोटातल्या गोधड्या दमट व्हायच्या नाहीत. उन्हाळ्यात दाराशी, बसायला. गौरी आल्या की खोलीच्या मधोमध, आणि माझ्यावर गौरींचा थाट. भिंतीवर चित्र लावता येत नव्हतं, म्हणून ती खळ करून माझ्याच पाठीवर रंगीत चित्रं चिकटवायची. जुन्या लुगड्याचा पडदा कधी या दोरीवर, तर कधी त्या. सगळं हलवून झालं की उंबऱ्यात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "अगं बाई, नवंच घर झालं की!" त्याच दोन खोल्या, पण तिला दर वेळी नवं घर मिळायचं, आणि मलाही.

कोंडाजी मात्र वैतागायचा. "परवा पेटारा हितं होता, आज कुटं गेला?" रुळाचा सांधा बोटभर इकडेतिकडे झाला तर गाडी घसरते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. जिथली वस्तू तिथंच, असा त्याचा खाक्या. पण बायकोचं खुललेलं तोंड बघून तो हातपाय धुवायला जायचा.

मग कुरवंड्याहून त्याची आई आली. झुंबरबाईंचे डोळे पार गेले होते, गावाकडे त्यांना बघणारं कुणी उरलं नव्हतं. आल्यावर चार दिवसांत त्यांनी चाचपून चाचपून सगळं घर हातापायांत बसवलं. पाचव्या दिवशी शालूनं हौसेनं मला खिडकीकडून मधल्या दाराकडे आणलं आणि पाण्याला गेली. म्हातारी दारातून आली ती थेट माझ्यावर. मनगट मोडलं. मला इतकी लाज वाटली, की माझी चारही चाकं गळून पडली असती तर बरं झालं असतं.

कोंडाजी तडक उठला. अंगणातून चार विटा आणल्या आणि माझ्या चारही चाकांखाली ठोकून बसवल्या. "आता हे घर हालायचं न्हाई," एवढंच म्हणाला.

नाही हललं. पडदा एकाच दोरीवर विटला, माझ्या पाठीवरची चित्रं पिवळी पडली. शालू कामं करायची, पण उंबऱ्यात उभी राहून घराकडे बघायची नाही. आणि मी? पुन्हा कामशेतचा मी! आगगाडीची शिटी ऐकून तळमळायचो, विटांवर दात खायचो.

म्हातारीचा हात बरा झाला आणि एक दिवस तिनं धोशा लावला, "मला कुरवंड्याला नेऊन सोड." कोंडाजी हवालदिल. डोळ्यांनी अधू आई तिथं एकटी राहणार कशी? शालू तर रडायलाच लागली. "आत्याबाई, माज्यामुळं पडलात. आता मी कशालाबी हात लावत न्हाई. जाऊ नका."

"त्याचंच तर दुकनं हाय, पोरी!" म्हातारी कडाडली. "मी आले तवा घरात गडबड होती, तुजं हसू ऐकू यायचं. आता समदं मेल्यावानी गप. अगं, मी पडले ती पेटारा हालला म्हनून न्हाई. मला न सांगता हालला म्हनून पडले." असं म्हणून ती माझ्याशी खाली बसली आणि चाकाखालची वीट स्वतःच हिसकायला लागली. "ये, हात लाव. कुटं न्यायचा ह्याला?"

दोघींनी मिळून चारही विटा उपटल्या आणि मला ढकललं. चाक किंचाळलं, म्हातारी खळखळून हसली, मग नव्या जागी माझे चारही कोपरे चाचपून म्हणाली, "हां, कळलं आता." त्यानंतर मी जेव्हा जेव्हा हललो, तेव्हा तिचा हात माझ्यावर होता. पुन्हा ती कधी पडली नाही, आणि कुरवंड्याचं नावही तिनं काढलं नाही.

गेल्या थंडीत झुंबरबाई गेल्या. शालूनं मला ढकलायचं सोडून दिलं. झाकणाशी यायची, हात ठेवायची आणि परत जायची. मी अस्वस्थ होतो, पण या वेळी रागावलो नव्हतो.

काल कोंडाजी कामावरून आला आणि टोपीसुद्धा न काढता माझ्यापाशी उभा राहिला. ज्यानं विटा ठोकल्या, तोच हो! दोन्ही हात माझ्यावर ठेवून म्हणाला, "शालू, ये. कुटं न्यायचा ह्याला?" आणि उत्तराची वाट न बघता चुलीकडे ढकलायला लागला.

"अवो तितं न्हाई, खिडकीकडं!" शालू धावत आली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू अवघडून उभी असेल. तिला जरूर हलवा, पुसा, सजवा, घर भाड्याचं असलं तरी. फक्त हलवण्याआधी घरातल्या सगळ्यांना हाक मारा. ज्याला दिसत नाही, त्याला आधी.

आज मी खिडकीशी आहे. इथं छान ऊन येतं. बघू किती दिवस!