तलावाच्या मातीचा वास

त्या पांढऱ्या तुकड्यांकडे बघूनच चंदाबाईला किळस आली. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळ बापूरावांची खानावळ. तिथल्या बर्फाच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो मासा. डोकं नाही, शेपूट नाही, काटासुद्धा नाही. मासेमार ढिवराच्या घरची बाई कल्ले उघडून पाहिल्याशिवाय माशाला मासा म्हणत नाही. याला कल्लेच नव्हते.

बापूरावांनी शांतपणे सांगितलं, की माल व्हिएतनामचा आहे. तिकडच्या देशांशी सरकारचा करार झाला, आयातीवरची जकात उतरली, आता नागपूरचा व्यापारी रोहूपेक्षा स्वस्तात घरपोच देतो. गिऱ्हाइकाच्या घशात काटा अडकत नाही. तेव्हा तिची रोजची माशांची टोपली उद्यापासून बंद.

त्या टोपलीवर गावातल्या अकरा ढिवरांच्या चुली पेटत. तिचा नवरा इस्तारी आणि बाकीचे दहा जण गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकत, ते या एका खानावळीच्या भरवशावर. चंदाबाईचं डोकं फिरलं. इतकी वर्षं आमचे मासे खाऊन ढेकर दिले, आणि आता हे बिनतोंडाचं मढं गोड लागतं होय?

"भाऊ, दोन्ही तळून ठेवा माह्यापुढं," ती म्हणाली. "आपला कोणता ते जिभेले कळते. मी जितली तं टोपली चालू, हारली तं बंद."

बापूराव हसले, पण तयार झाले. आचाऱ्यानं रोहूचे काटे काढले, दोन्हींना सारखाच मसाला लावून तळलं. जेवणारी माणसं हात धुवायचं सोडून बघत राहिली.

पहिला घास बरा होता, गोडसर. दुसरा तोंडात घातला आणि तिचा चेहरा उजळला. चिखलाचा तो ओळखीचा वास! शहरातले लोक त्याला नावं ठेवतात, पण ढिवर त्यावरूनच तलावातला मासा ओळखतो.

"हा आमचा हाय," ती छाती ठोकून म्हणाली. "मसाल्यानं मातीचा वास लपत नाई. हाच चांगला."

आचारी खाली बघू लागला.

"बाई, थो व्हिएतनामचा हाय," बापूराव हळूच म्हणाले. "तिकडं बी चिखलातच पोसतेत त्याले. यंदा तुमच्या तलावात पाणी लय, रोहूले वासच नाई."

घास तोंडातच राहिला. त्या कराराची, बापूरावांची, पेटीतल्या मढ्याची शिसारी तिला आली होतीच. आता स्वतःच्या जिभेची आली. थुंकायला ती दारापर्यंत गेली. पण अकरा घरांच्या चुली पणाला लावून ज्याला आपण चांगलं म्हटलं, ते सगळ्यांदेखत कुठल्या तोंडानं थुंकायचं? तिनं तो घास गिळला.