कपाटातल्या पालख्या

मित्रांनो, तुम्ही माझ्या काचेला नाक लावून आत पाहता आणि काही न घेता निघून जाता, म्हणून आज जरा चिडूनच बोलतो. मी रत्नागिरीचे एक जुने फणसाचे कपाट आहे. बिजागऱ्या कुरकुरतात, पण आठवण शाबूत आहे.

एकोणीसशे एकतीस साली शिवा सुताराने मला घडवले. आत्माराम मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते. बंदराजवळच्या ज्या खोलीत ते धाकट्या बहिणीसह, सगुणाबाईंसह, राहत, तिथेच त्यांनी गावातल्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. होकायंत्रे, जहाजांचे नांगर, आणि सर्वांत मोलाची गलबतांची वही. शंभर वर्षांपूर्वी कोणते गलबत कुठे गेले, त्यावरचा प्रमुख खलाशी, म्हणजे तांडेल, कोण होता, कोण परतलेच नाही, सारे तिच्यात लिहिलेले. दुसरी प्रत नव्हती. आणि खोलीचे छप्पर तर चाळणी झालेले!

"पाहायला पैसे मागायचे नाहीत," मास्तर म्हणाले. "दारात कपाट ठेवू. लोक आठवण म्हणून काही घेतील, त्यातून पावसाआधी कौले बसतील." झाले! वहीची सारी भिस्त माझ्यावर.

माझ्यात त्यांनी काय ठेवावे? गावच्या भागोजीने लाकडात कोरलेल्या इवल्याशा पालख्या. शिमग्यात गावाची पालखी घरोघरी येते, तेव्हा ही तर प्रत्येकाला हवीशी वाटेल, असा त्यांचा हिशेब. दिसायलाही सुरेख होत्या हो! पण लोक येत, वहाणा काढत, हात जोडत आणि जात. महिपत खलाशी तर एकदा माझ्यापुढे जास्वंदीचे फूलच ठेवून गेला.

सगुणाबाई त्याच्या मागे धावल्या. "महिपत, अरे आत देव नाही! शोभेची वस्तू आहे ती, विकत ने."

"पालखी काय इकत न्यायची असते, बाय?" तो म्हणाला. "ती आपणहून घरी येते. आणि एकदा आणली की दरसाल तिचा मान कोण करणार? चुकलं माकलं तर?"

कपाळ माझे! दुकान म्हणून मला उभे केले, आणि देव्हारा होऊन बसलो.

"दादा, करवंटीच्या डवल्या ठेव," सगुणाबाई म्हणाल्या. "भात वाढायला लोक घेतील तरी."

"डवली घरोघरी आहे, सगुणे. पालखीच राहील," मास्तर म्हणाले. हट्टी माणूस! मला तोंड असते तर चार शब्द सुनावले असते.

पावसाळा तोंडावर आला, बोटी बंद झाल्या, पाहुणे संपले, एकही पालखी हलली नाही. मग एका सकाळी पाऊस धो धो कोसळला. माझ्या माथ्याच्या फटीतून पाणी आत ठिबकू लागले. महिपत रस्त्याने चालला होता. त्याने काचेतून पाहिले आणि बोंबच ठोकली, "पालखी भिजते रे!"

अर्ध्या तासात दहा माणसे जमली. कुणी शिडी आणली, कुणी आपल्या गोठ्यावरची कौले उतरवून आणली. दुपारपर्यंत छप्पर तयार! लाकडाच्या खेळण्यासाठी! माझा नुसता तिळपापड झाला.

खाली उतरून महिपत ओल्या अंगाने मास्तरांसमोर आला. जरा लाजलाच. "मास्तर, आमचा पणजोबा तांडेल होता. त्याचं नाव तुमच्या वहीत हाय म्हणतात. वाचून दाखवा की."

मास्तरांनी वहीचा पेटारा उघडला. छपरातून गळून जमिनीवर साचलेले पाणी खालून शिरले होते. पाने एकमेकांना चिकटली होती, शाई पसरून गेली होती. त्यांनी एक पान सोडवून महिपतच्या हातात दिले. त्याने ते उलटेसुलटे करून पाहिले.

"यात कुठं हाय?"

"होतं रे," मास्तर म्हणाले. "सकाळपर्यंत होतं."

मित्रांनो, ती माणसे वाईट नव्हती, एका हाकेला धावली. मला राग येतो तो उशिराचा. तुमच्या गावात अशी एखादी खोली असेल, तर पावसाची वाट पाहू नका. आत जा, आपल्या माणसाचे नाव आजच वाचून घ्या, आणि निघताना दाराशी काहीतरी विकत घ्या. नुसते हात जोडू नका.