गोंडीत विचारणारा संगणक

सोमारीबाई मोहफुलं वेचणाऱ्या बायांच्या गटाचा संगणक सांभाळायच्या. तो अडला की बल्लारपूरची जया एका सॉफ्टवेअरने दुरूनच त्याचा पडदा बघून दुरुस्ती करी. पण तिला आत येऊ द्यायचं का, हा परवानगीचा प्रश्न इंग्रजीत येई आणि बाई घाबरून ‘नाही’ दाबत. म्हणून जयाने त्या सॉफ्टवेअरच्या एपीआयला, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम जोडायच्या सोयीला, आपला छोटा प्रोग्राम जोडला. आता तोच प्रश्न बाईंच्या सुनेच्या आवाजात, गोंडीत ऐकू येणार होता.

पहिल्याच दिवशी जयाला तीनदा नकार आला. तिने फोन लावला.

“बाई, काऊन नाई म्हणता?”

“तुले येऊ देतो वं पोरी! पण नाई म्हटलं का हे पुन्हा गोंडीत विचारते. समद्या बाया ऐकून राह्यल्या!”

पलीकडे हशा पिकला. जयानेही हसत हसत चौथ्यांदा परवानगी मागितली.