टॉर्च धरायला कुणी

डावा स्पीकर मुका झाला तेव्हा मास्तरांनी आधी त्याला दोन थापट्या मारल्या, मग चार शब्द सुनावले. दोन्हींचा उपयोग होईना तेव्हा कुठे तार उपसून पाहिली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

बायको मुलीकडे गेली होती, नातवाला सांभाळायला. 'दोन महिन्यांत येते' म्हणून गेली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. आणि परवा फोनवर म्हणाली, "पोरगं शाळेत जाईपर्यंत राहा, म्हणतेय लेक. काय सांगू?"

"बघू. सांगतो," मास्तर म्हणाले होते. 'ये' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. नातवाच्या वाट्याची आजी ओढून आणायची म्हणजे काय! शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, नवी तार एकट्याने जोडायची. जमलं, तर तिला सांगायचं, खुशाल राहा. असल्या गोष्टींवर असले निर्णय घेऊ नयेत हे त्यांना कळत होतं, पण रिकाम्या घरात माणूस कशावरही पैज लावतो.

दुकानदाराने आधी मखमली पेटीतली तार दाखवली.

"ही ऐकायची की गळ्यात घालून मिरवायची?" मास्तरांनी विचारलं.

दुकानदार हसला. त्याने साधी, जाड तांब्याची तार काढली आणि दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीची कापली. "एका अंगाला बारीक रेघ आहे बघा, सर. ती लाल खुणेच्या तोंडात. मागे अंधार असेल, टॉर्च धरायला कुणी आहे ना?"

"आहे की," मास्तर म्हणाले. तार घेऊनही ते उगाच तिथे रेंगाळले. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा नाइलाजाने निघाले. त्या आठवड्यात ते कुणाशी एवढं बोलले नव्हते.

घरी स्पीकरचं कपाट पुढे ओढून ते मागच्या फटीत शिरले. इतकी वर्षं टॉर्च बायको धरायची, आणि धरता धरता हुकूम सोडायची. "रेघ वर. अहो, वर म्हणजे वर!" मास्तर वैतागायचे. आज टॉर्च दातात होती आणि वैतागायला कुणी नव्हतं. त्यांनी टोकं सोलली, तांब्याचे केस पिळून घट्ट केले, चाचपडत स्क्रू आवळले आणि गाणं लावलं.

गाणं वाजलं, पण त्यात जीव नव्हता. ठेक्याचं वजन गेलेलं, आणि गाणारी बाई, जी एरवी दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभी राहायची, ती कुठेच नव्हती. तिचा आवाज भिंतींवर सांडला होता. झालं, कान गेले, मास्तरांना वाटलं, आणि ते मटकन खुर्चीत बसले. बहिऱ्या म्हाताऱ्याने एकट्याने राहायचं तरी कसं?

बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला. ते पुन्हा फटीत शिरले. डाव्या स्पीकरची रेघ काळ्या खुणेत! दोन्ही स्पीकरचे पडदे एकमेकांच्या उलट हलत होते, एकाने दिलेलं दुसरा खाऊन टाकत होता. जन्मभर पोरांना धन-ऋण घोकायला लावलेल्या विज्ञानाच्या मास्तरांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. तार फिरवली, आणि बाई मधोमध येऊन गाऊ लागली. पैज ते जिंकले होते. त्यांना त्याचा मुळीच आनंद झाला नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, गाणं वाजतंय? आपलाच स्पीकर? टॉर्च कुणी धरली?"

"कुणी नाही. मीच, दातात."

"म्हणजे जमतंय तुम्हाला सगळं."

"जमतं गं." खुशाल राहा, एवढंच म्हणायचं होतं. ते काही केल्या तोंडातून निघेना. "जमतं, पण करमत नाही. अजिबात करमत नाही मला. तू ये."

मास्तरांनी गाणं बंद केलं.

"आज सकाळीच हो म्हणून बसले मी लेकीला," ती म्हणाली. "तिने आपल्या नोकरीचंसुद्धा पक्कं करून टाकलं. तुम्ही रोज मजेत आहे, मजेत आहे म्हणता. वर्षभर वाट बघत होते हो मी, तुम्ही एकदा तरी ये म्हणाल म्हणून."

मागे नातू रडायला लागला, आणि तिला फोन ठेवावा लागला.