लमाँटच्या पेल्यात काय होतं

शुक्रवारची दुपार. ह्यूस्टनच्या दक्षिण भागातल्या आपल्या लहानशा घरात अर्नेस्टीन गिलरी गॅसपुढे उभी राहून द्राक्षाचा सोडा आटवत होती. त्यात मूठभर साखर आणि विरघळवलेल्या खाऊच्या दोन जांभळ्या गोळ्या. पळी उचलली की तार धरायला हवी, इतकं ते घट्ट झालं पाहिजे.

"आई, मागच्या वेळी पातळ झालं होतं हं," शर्टाला इस्त्री करता करता तिचा मुलगा लमाँट म्हणाला. "पुढच्या रांगेतला एक जण सारखा पेल्याकडेच बघत होता."

"मग पाठव त्याला इकडे! त्यालाच ढवळायला लावते," अर्नेस्टीन म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली.

लमाँट रॅप गायचा. कुठल्या कंपनीच्या दारात तो कधी उभा राहिला नाही. कॅसेटी स्वतः भरायच्या, वेष्टनं स्वतः छापायची आणि गाडीच्या डिकीतून विकायच्या. त्या शहराला संथ, जड गाणं आवडे, आणि त्या गाण्याच्या जोडीने एक मेली रीत रूढ झाली होती. खोकल्याचं गुंगीचं औषध सोड्यात मिसळायचं आणि थर्माकोलचे दोन पांढरे पेले एकात एक घालून त्यातून घोट घोट प्यायचं. हातात तो पेला नसेल तर तो कसला गायक? लमाँटची पहिली कॅसेट पेल्याच्या चित्राशिवाय निघाली आणि डिकीत पडून पडून उन्हाने वाकडी झाली.

पण बापाला दारूने गेलेलं पाहिलेला मुलगा तो. नशेला शिवणार नाही, अशी त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मग ही सोड्याची युक्ती अर्नेस्टीनलाच सुचली. शपथही पाळली गेली आणि कॅसेटीही खपू लागल्या. आता तर प्रत्येक वेष्टनावर तो पेला होता, आणि पोरं लमाँटसारखा अंगठा वर धरून पेला धरत. सगळ्या गावाला आपण कसं बनवलं, याचा अर्नेस्टीनला कोण अभिमान!

"मावशी, आहे का दादा?" म्हणत कॉर्टेझ आत आला. शेजारच्या व्हर्नेलचा मुलगा. गोदामात कामाला जायचा, घरी वर्षाची मुलगी होती, आणि चर्चमध्ये त्याच्याइतका खर्जातला आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. शुक्रवारी तो लमाँटची खोकी डिकीत चढवून देई. ओट्यावरचा भरलेला पेला दिसताच त्याचे डोळे चमकले.

"दादा, एक घोट दे ना. एकच!"

"हात लावू नकोस," लमाँटने पेला उचलून घेतला. "हे तुझं काम नाही. हे झेपायला छाती लागते."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

अर्नेस्टीनने हसू लपवायला तोंड फिरवलं. एक शब्द बोलायचा होता हो तिला! 'अरे वेड्या, सोडा आहे तो.' बस, एवढंच. पण घरातलं गुपित घरातच बरं, असं तिला वाटलं. कॉर्टेझने खोकी चढवली आणि मान खाली घालून तो निघून गेला.

रविवारी सकाळी व्हर्नेल त्याला चर्चसाठी उठवायला गेली. तो सोफ्यावर पडला होता. उशाशी एकात एक घातलेले दोन पांढरे पेले होते. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्नेस्टीन चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं घेऊन शेजारी गेली. व्हर्नेल अनवाणी बसली होती, मांडीवर नात होती. चर्चच्या गायनात या दोघी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहत. व्हर्नेलने तिचा हात धरला.

"अर्नेस्टीन, मला एक सांग. तुझा लमाँट इतकी वर्षं पितोय. दर शुक्रवारी. तो उठतो. माझा का नाही गं उठला?"

व्हर्नेलने तिचा हात आणखी घट्ट धरला.

"तू त्याला काय खाऊ घालतेस? काय प्रार्थना करतेस? माझ्याकडून काय कमी पडलं?"

ती टोमणा मारत नव्हती हो. खरंच विचारत होती. अर्नेस्टीन उठली, तिच्या घरातली सगळी खरकटी भांडी घासली, आणि घरी आली.

"सांगायला हवं," ती लमाँटला म्हणाली.

लमाँट डोकं धरून बसला होता. "आई, मलाही झोप नाही. पण सांगितलं की मी संपलो. खोटारडा म्हणून थुंकतील माझ्यावर. इतकी वर्षं एकट्याने हे उभं केलंय गं."

"एकट्याने नाही रे बाबा. सोडा मी आटवलाय."

अंत्यविधीला कॉर्टेझचे मित्र त्याचा फोटो छापलेले शर्ट घालून आले. फोटोत त्याने अंगठा वर धरून, अगदी लमाँटसारखा पेला धरला होता. दफन झाल्यावर सगळे चर्चच्या दालनात जेवायला जमले. कुणीतरी म्हणालं, लमाँटने कॉर्टेझसाठी गायला हवं. तो उभा राहिला तशी एका मित्राने त्याच्या हातात पेला दिला. थर्माकोलचा, पांढरा, काठोकाठ जांभळा. आणि हा काही अर्नेस्टीनने आटवलेला नव्हता.

"भावासाठी एक घोट, दादा!"

लमाँट पेल्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात हळूहळू वर जाऊ लागला.

"खाली ठेव तो!" अर्नेस्टीन ताडकन उठली. "त्याने जन्मात याचा एक थेंब घेतलेला नाही. ऐका सगळ्यांनी. त्याच्या पेल्यात द्राक्षाचा सोडा असतो. दर शुक्रवारी मी आटवते, माझ्या या हातांनी!"

कुणीतरी फिसकन हसलं. "सोडा?" मग ते हसूही विरलं. लमाँटने पेला टेबलावर ठेवला. "आई खरं बोलतेय," तो म्हणाला आणि रडू लागला. ज्याने पेला दिला होता त्या पोराने त्याच्याकडे पाठ फिरवली.

व्हर्नेल नातीला कडेवर घेऊन सावकाश पुढे आली.

"शुक्रवारी तो तुझ्या स्वयंपाकघरात होता ना?"

"होता."

"मागितला होता त्याने?"

"मागितला होता गं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

वाचकहो, अर्नेस्टीनला या प्रश्नाचं उत्तर आजही सापडलेलं नाही. व्हर्नेल आता गायनात दुसऱ्या टोकाला उभी राहते. लमाँटच्या कॅसेटींची खोकी डिकीतच पडून असतात, तरी जिथे बोलावतील तिथे तो रिकाम्या हाताने जातो. लोक ओरडतात, "पेला कुठाय रे?" तेव्हा आधी तो कॉर्टेझचं नाव घेतो आणि पेल्यात काय होतं ते सांगतो. निम्मे लोक उठून जातात. उरलेल्यांसाठी तो गातो.

कॉर्टेझची मुलगी आता धावू लागली आहे. कुंपणापाशी येऊन ती अर्नेस्टीनकडे खाऊ मागते. अर्नेस्टीन तिला बिस्किट देते, आणि त्यात काय काय घातलंय ते एकेक करून सांगते. पोरीला त्यातलं काही कळत नाही. तरी ती सांगते.